दाजीने पत्र का लपवलं?

मॅडमच्या घरची सगळी मंडळी, शिक्षक, पालक आणि शनिवारच्या वर्गातल्या मुलांनो,

रडू येईल म्हणून मी बोलणार नव्हते. पण उभी राहिले आणि हिप्परगी मॅडमचा वर्गच डोळ्यांपुढे आला. त्या वर्गात हळू बोलायची सवयच नव्हती कुणाला. माझा आवाज चढला तर समजून घ्या.

सात रस्त्याजवळच्या या हॉलमध्ये मॅडम दर शनिवारी मुलांना नाटकातली पात्रं समजून घ्यायला शिकवायच्या. त्या गेल्यापासून एकच प्रश्न कानावर येतोय. आता वर्ग बंद करायचा का? हॉल सांभाळणारे आपले काका, तुम्हीही काल तेच विचारलंत. उत्तराआधी तो वर्ग काय होता, ते सांगू द्या.

मॅडमचा नियम होता. पात्राला चांगलं म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही. म्हणालात, की पुढच्या खुर्चीवर बसायचं आणि ते पात्र होऊन उत्तरं द्यायची. आणि प्रत्येक उत्तराला नाटकातलं पान दाखवायचं.

मी कॉलेजात असताना इथं आले, आणि पहिल्याच दिवशी सापडले! नाटकात दाजी नावाचा बाप होता. लेकीला कॉलेजातून आलेलं पत्र तो धान्याच्या कोठीत लपवतो. मी म्हटलं, "दाजी नालायक आहे."

"बस की मग खुर्चीवर," मॅडम म्हणाल्या.

"ओ दाजी, पत्र का लपवलं?" पोरं ओरडली.

"कारण मी नालायक आहे."

वर्ग हसला. मॅडम नाही हसल्या. "असं कोण म्हणतं गं स्वतःला? पान उघड."

उघडलं. वाचलं. परत वाचलं. आणि काय सांगू तुम्हाला! एस.टी. स्टँडवर गाड्यांच्या वेळांचा फळा समोर आहे, तरी दाजी तीन जणांना गाडी विचारतो. का? त्याला वाचताच येत नाही! पत्रावरचा शिक्का बघून तो घाबरलाय, आणि लेकीला विचारायची लाज वाटतेय. मी खुर्चीवरून उडीच मारली.

त्याच आनंदात मोडनिंबला घरी गेले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. पुण्याला बी.एड. करायचं होतं आणि फॉर्म अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सहीसाठी महिनाभर पडून होता. मला वाटलं, कळलं कारण! अण्णांना वाचताना मी कधी पाहिलंच नव्हतं. अण्णा शेळ्यांना पाला टाकत होते. मी शेजारी बसून अख्खा फॉर्म हळूहळू वाचून दाखवला.

अण्णा म्हणाले, "मला वाचता येतंय की गं. चौथी पास हाय मी. तू परत येणार का न्हाय, ते ह्यात कुटं लिवलंय?"

अण्णा, तुम्ही मागं बसलाय. हसू नका.

मॅडमना सांगितलं, तर त्या पोट धरून हसल्या. "दाजीचं उत्तर बापाला चिकटवलंस की! सही का करत नाही, असं विचारलंस का त्यांना कधी?"

नव्हतं विचारलं. एकदाही नाही. नाटकातल्या बापासाठी मी दोनदा पान वाचलं होतं. घरातल्या बापाला एक प्रश्न नव्हता विचारला.

मग विचारलं. रात्रीचं जेवण राहिलं, एवढं बोललो आम्ही. परत येईन, असा शब्द दिला. अण्णांनी सही केली. मी परत आले, आणि दोन वर्षं याच वर्गात मॅडमच्या शेजारी उभी राहिले.

असा वर्ग बंद करायचा? माझं वय कमी आहे. मॅडमसारखं मला जमणार नाही. मी चुकेन, आणि ही पोरं मला सोडणार नाहीत. तरी मी शिकवणार आहे. काका, हॉलची किल्ली तुमच्याकडे आहे. ती मला द्या.

आता सगळ्यांनी उभं राहूया. दोन मिनिटं मॅडमसाठी शांत राहूया. नंतर मोठ्यांनी सावकाश निघावं.

मुलांनो, तुम्ही थांबा. आज शनिवार आहे.