दोऱ्याने कापलेलं अंडं

बारासातच्या डोळ्यांच्या दवाखान्यात शेफालीच्या आधी अजून नऊ जण होते. समोरच्या बाकावर दोन भाऊ बसले होते आणि दोघांच्या मधे त्यांची म्हातारी आई, एका डोळ्यावर पट्टी बांधलेली.

"दादा, आठवतं? बदकाचं अंडं एक, आणि खाणारे आपण दोघं!"

"सुरीने कापलं तर बलक सुरीला चिकटून वाया जातो म्हणे. म्हणून आई दातात दोरा धरून कापायची."

"आणि मग दोन्ही अर्धी उजेडात धरून बघायची. सोनार तरी एवढं बघत असेल का?"

"स्वतः मात्र नुसता रस्सा-भात. का, तर अंड्याचा वास सहन होत नाही!"

"आणि बाबा? बाजार उठला की उरलेसुरले स्वस्तातले मासे आणायला निघायचे. कोळीण ओरडायची, आले बघा मांजरांचे मामा!"

दोघंही खो-खो हसले. आईसुद्धा हसली.

"बरं दादा, इथून आईला तू घेऊन जा. माझे पंधरा दिवस काल संपले."

"माझे उद्या एक तारखेपासून सुरू होतात. आज एकतीस आहे."

"मग आजचा दिवस कुणाचा?"

"मागच्या एकतीसला मीच ठेवलं होतं तिला."

"ठेवलंस, आणि जेवणाचा डबा माझ्या घरून मागवलास!"

"हळू बोल, लोक ऐकताहेत."

म्हातारीने डोळ्यावरची पट्टी चाचपली.

"का रे," तिने विचारलं, "दोरा आहे का कुणाकडे?"