ठासणीच्या बंदुकीचं पान

शिकारीची मासिकं मी आता हातात धरत नाही, त्याचं कारण सांगतो.

आखातात, हूरा नावाच्या भागातल्या एका मासिकात मी पानं लावायचो. संपादकांना ठासणीच्या बंदुकीवर, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या त्या जुन्या बंदुकीवर, लेख हवा होता. आमच्या छापखान्यात महाडकडचे इस्माईलभाई होते. त्यांचे अब्बा भाताची नासाडी करणारी रानडुकरं तसल्याच बंदुकीनं मारायचे, म्हणून मी त्यांना गाठलं.

दारू किती घालायची, ती ठासायला गज कसा मारायचा, सगळं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "एकदा नळी फुटली आणि अब्बांचा डावा हात कोपरापासून गेला. हे पण लिहा. लोक हौसेनं करायला जातात." गावाहून फोटोही मागवला. अब्बा उभे, उजव्या खांद्याला बंदूक, डावी बाही रिकामी.

संपादक मला म्हणाले, "वाचकांना परंपरा हवी असते, अपघात नको. डावी बाजू काप."

मी कापली. माझा व्हिसा त्याच नोकरीवर होता.

अंक छापून आला. इस्माईलभाईंनी ते पान मशीनपाशी उभ्याउभ्याच वाचलं. फोटोखाली 'रुबाबदार शिकारी' असं छापलं होतं.

"हात गेल्याचं कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"जागा नव्हती, भाई."

त्यांनी अंक मिटून माझ्या हातात दिला. "हातच नव्हता," ते म्हणाले, "त्याला कितीशी जागा लागली असती?"