मनीचं पाचवं पान

अगं, माझ्या त्या चित्रांच्या पुस्तकाची गंमत तुला सांगायचीच राहिली. आमच्या मांजरीवर, मनीवर, मी लहान मुलांसाठी पुस्तक काढलं ना, ते. आता तीन वर्षं आमची शेजारीण हिरामावशी ओरडतेय, "तुझी मनी माझे वाळत घातलेले बोंबील पळवते!" आणि मी दरवेळी सांगतेय, "देवाशपथ मावशी, आमची मनी फक्त दूधभात खाते."

पुस्तक छापून आलं, तशी मी हौसेने पहिली प्रत मावशीलाच नेऊन दिली. तिने पाचवं पान उघडलं आणि मी जीभ चावली. पानावर मावशीची बांबूची वलांडी, तिच्यावर टांगलेले बोंबील, आणि त्यातला एक तोंडात धरून पळणारी मनी! रोज अंगणातून दिसतं, तेच मी काढून बसले होते.

मावशीने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. मीच म्हटलं, "मावशी, चुकलं माझं."

"चुकलंच! मनी चोर हाय, ते मला कधीचं ठाव हाय. पण बोंबील असा एकेकटा टांगतात व्हय? तोंडात तोंड अडकवून जोडीनं टांगतात. लोक म्हणतील, हिराला बोंबील टांगता येत न्हाय!"

पुढच्या छपाईत मी चित्र सुधारलं. आता मनीच्या तोंडात दोन बोंबील आहेत.