दोन हातांचा गोल

चहा पाजून दरवेळी तेच वदवून घेता, तुम्हाला दुसरा उद्योग न्हाई. ऐका.

मी कॉलेजच्या वर्कशॉपात लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर, हुतो. गणिताचे सोनवणे सर पहिल्या वर्षाची पोरं घेऊन आले. फळ्यावर गोल काढून म्हणाले, "एक्स वेगळा, वाय वेगळा. दोघंही फक्त वेळेवर अवलंबून." पोरांना काय उमगंना. मी म्हणालो, "लेथवर दावू का?"

"आठवी नापासानं गणितात तोंड घालू नये, बाबा."

पोरं हसली. मी चकात, लेथच्या फिरत्या पकडीत, पितळ बांधलं. डावा हात पातं लांबीत सरकवायच्या हँडलवर, उजवा आत-बाहेर सरकवायच्या. घड्याळागत तोंडानं आकडे मोजत दोन्ही फिरवू लागलो. आधी डावा संथ, उजवा जलद, मग हळूहळू उलटं. जरा वेळानं पोरं दिसंनात, सर दिसंनात. सोनेरी कीस भुरभुर उडत हुता आन हात पाण्यात पोहल्यागत आपापले चालले हुते. थांबलो तवा टोकाला गोल घुंडी हुती.

एक पोरगी वरडली, "म्हंजे आकडा सांगितला की दोन्ही हात कुठं ते कळतं! हातांनी एकमेकांना इचारायचंच न्हाई!"

"व्हय बाई."

सर म्हणाले, "मी हेच सांगत होतो," आन घुंडी खिशात घालून गेले.

घुंडी नेली तर नेली. पण एवढ्या पोरांत नापास म्हणाला, त्याची माफी अजून मागितली न्हाई त्या सोनवण्यानं.