शेजारची खुर्ची

बसणार नाही असं कुठं म्हणतेय मी? यांची खुर्ची रिकामी, तिच्यावर फुलं, शेजारी मी माझा हॉर्न मांडीवर घेऊन — बसेन की. सगळा जन्म दुसऱ्या खुर्चीवर गेला, आणखी एका संध्याकाळचं काय एवढं! पण सेक्रेटरीसाहेब, ते रेकॉर्डिंग तेवढं बदला. श्रद्धांजलीच्या वेळी दुसरं काहीही लावा. यांच्या तरुणपणाची आहेत ना ढिगानं — काय सूर लागायचा तेव्हा, भरलेल्या घागरीसारखा! — जरा हळू हं, आत वन्सं पडल्यात. भावाचं नाव ऐकलं की उठून बसतात. रोज सकाळी फोटोपुढं तेच लावतात, शेवटचं, तुम्ही म्हणताय तेच, आणि मला हाक मारतात — वहिनी, ये, बस, ऐक. मी बसते. जाणार कुठं?

तेच का नको? तुम्ही ऑर्केस्ट्राच्या ऑफिसातले, तुम्हाला आमच्या मागच्या रांगेतलं कसं कळणार. आम्ही चौघं असतो, फ्रेंच हॉर्नवाले. पहिला असतो त्याचे वरचे सूर, त्याचे सोलो, त्याच्या टाळ्या. दुसऱ्यानं त्याच्याखाली सूर धरायचा. आणि पहिला जरा चढा लागला ना, तर दुसऱ्यानंही तेवढंच चढायचं — तिथं तुम्ही बरोबर सुरात राहिलात तर चूक तुमची! हसू नका, खरंच. मी घरी येताना यांना म्हणायची, आज किती चुकायचं ते आधी सांगत जा हो. तर म्हणायचे, तुला काय सांगायचं, तू झोपेतसुद्धा येशील माझ्या मागनं. — आले ना. आलेच की.

आणि आमच्या वाद्याचं तोंड मागं. हात आत घालायचा नि आवाज सोडायचा पाठीमागच्या भिंतीकडं, तिथून तो तुमच्यापर्यंत येतो. चौघांतलं कोण वाजवतंय, समोर बसून नाही कळत. वाद्य ओठाला, बोटं चालतायत, गाल ताणलेले — माणसाला वाटतं, वाजवतोय. यांचा ओठ गेला तेव्हा — म्हणजे दुखत वगैरे नव्हता, ज्या थरथरीतून सूर निघतो ती थरथरच बंद झाली, जातो असा एखाद्याचा — डॉक्टरकडं चला म्हटलं, तर म्हणाले, बोभाटा झाला की खुर्ची गेली. खुर्ची गेली की मी कोण? सांभाळून घेतलं. घरातलं घेतो नाही का आपण.

त्या शेवटच्या रेकॉर्डिंगमधली ती जागा आठवते तुम्हाला, सुरावट वर वर चढत जाते आणि मध्येच एक श्वास येतो? पेपरवाल्यांनी त्या श्वासावरच तर लिहिलं होतं, की एवढा मोठा कलावंत इथं हुंदका देतो म्हणून. वन्सं तिथं आल्या की डोळ्यांना पदर लावतात. हुंदका कसला डोंबलाचा! दम पुरला नाही. खाली वाजवणाऱ्याच्या ओठाला सवय नसते हो एवढ्या वर जायची, छाती फुटायची वेळ येते. यांना नसता लागला तिथं श्वास. यांचा दम केवढा मोठा —

आता ते लागलं ना, की माझी बोटं चालतात. मी नाही चालवत, चालतात. घरी पदराखाली धरून बसते मी हात. तिथं स्टेजवर, एवढ्या दिव्यांत, हॉर्न मांडीवर, सगळं सभागृह माझ्याकडं बघतंय, आणि बोटं चालली, ओठ आवळले गेले, त्या जागी श्वास भरला मी, तर —

असं काय बघताय? चहा घ्या ना. — नाही. मी कुठं काय म्हटलं? काही म्हटलं नाही मी.

उठलात का वन्सं? या, इथं बसा, ही उशी घ्या पाठीला. काही नाही हो, ऑर्केस्ट्रातले साहेब आलेत, श्रद्धांजलीचं सांगायला. हो, तेच लावणार आहेत. तुमच्या आवडीचं. विचारा हवं तर त्यांना.

बरंय मग साहेब, या तुम्ही. पायरी उंच आहे, जपून.