लाखामागे किती

मोतीराम : बरं, मंग आकड्यावर बोलू. तुले आकड्याशिवाय काही पटत नाई ना? अमेरिकेत वर्षाले लाखामागे पाच-सहा खून होतात. आपल्या इथं दोन, लय झाले त तीन. आता तूच सांग, लेकरू कुठं वाढवा लागते?

स्वप्निल : बाबा, जेवण तरी जिरू द्या. आत्ताच भन्तेजी गेले. प्रीतमच्या पुण्यतिथीच्या पुण्यानुमोदनाले आलेले पाहुणे अजून दाराशी चपला शोधून राहिले, अन् तुमी खुनाचा हिशेब मांडून बसले.

मोतीराम : तू उद्या विमानात बसशीन. मंग मले कुठं सापडशीन? या राजापेठेत उभा जन्म मी पोट्ट्यायले गणित शिकवलं. उदाहरण पुरं झाल्याशिवाय कोणाले वर्गाबाहेर सोडलं नाई.

सुंदराबाई : हाव, मुतायले बी सोडत नव्हते. पोट्ट्यायच्या माया घरी भांडायले येत.

मोतीराम : तू मधात बोलू नको वं. स्वप्निल, तू उत्तर दे.

स्वप्निल : उत्तर काय देऊ? अमेरिका म्हणजे एक मोहल्ला हाय का? आमच्या भागात कुत्रं बी भुकत नाई. जिथं होते तिथंच होते. अमरावतीत बी कोणत्या गल्लीत अंधार पडल्यावर जा नाई, हे आपल्याले मालूम असतेच ना.

मोतीराम : अन् तुमच्या घराजवळचं ते किराणा दुकान? गोळ्या चालल्या ते? ते कोणत्या भागात येते?

स्वप्निल : तो एक पागल होता.

सुंदराबाई : नीलम दूध तिथूनच आणते.

स्वप्निल : तुले कोणं सांगतलं?

सुंदराबाई : नीलमनंच. माही सून हाय ते, माह्याशी खोटं नाई बोलत. तू आमाले सांगतलं का ते त्या टायमाले घरी होती. ते दुकानातच होती रे. लेकराले पोटाशी धरून फ्रीजच्या मांगं बसली होती.

स्वप्निल : खरं सांगतलं असतं त तुमाले झोप लागली असती का?

सुंदराबाई : आता कुठं लागते?

मोतीराम : म्हणूनच म्हणतो, वापस ये. इथं ये, पुण्याले जाय, कुठंबी राय, पण इथं राय. आता बंदुकीनं मेलेलेच धर. तुह्या अमेरिकेत लाखामागे तेरा-चौदा होतात.

स्वप्निल : इथंच फसले तुमी. त्यात अर्ध्याहून जास्त आत्महत्या हायेत. त्यायच्या आत्महत्या अन् आपले नुसते खून, असे बाजूबाजूले ठेवता येत नाई.

मोतीराम : काहून? ते मेले नाई का?

स्वप्निल : मंग इकडच्या बी आत्महत्या धरा. वऱ्हाडात बसून तुमचं पारडं हलकं राहीन का?

मोतीराम : ते राहू दे. खुनावरच बोलू.

स्वप्निल : खुनावर बोला. माणसाच्या डोक्यात आलं का बंदूक नसली त चाकू सापडते, चाकू नसला त दगड सापडते.

मोतीराम : सापडते ना. पण चाकूवाल्याले जवळ यावं लागते. जवळ येतायेता त्याचा राग उतरते, कोणी आडवं येते, नाई त मरणारा पळून जाते. बंदूक तेवढा बी टाइम देत नाई. इंग्लंडातल्या लोकायले राग येत नाई का? तिथं लाखामागे एक. फक्त एक. काहून?

स्वप्निल : बरोबर हाय तुमचं.

मोतीराम : काय म्हणलं?

स्वप्निल : बरोबर हाय म्हणलं. बंदुकीच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूनं हावो. पहिले ऑफिसात हेच बोलत होतो, इंग्लंड, जपान, समदं. लोकं आयकून घेत, मान हलवत, अन् जेवायले कुठं जायचं ते विचारत. शाळेत गोळ्यायनं लेकरं मेले तरी तिथं काही हालत नाई, बाबा. मी बोलणंच सोडलं.

मोतीराम : मंग भांडतं कायले माह्याशी? एवढं समजते त ये.

सुंदराबाई : मले एक सांगा. हे जे लाखामागे दोन म्हणता तुमी, त्यात आपला प्रीतम हाय का?

(भिंतीवर प्रीतमच्या फोटोपुढची मेणबत्ती अजून जळते आहे.)

मोतीराम : तसं नसते ते. पोलिसात जे खून म्हणून लागलं, तेवढंच धरतात.

सुंदराबाई : म्हणजे नाई.

मोतीराम : तो आकस्मिक मृत्यूत असन.

स्वप्निल : पाय घसरून विहिरीत पडला.

मोतीराम : स्वप्निल.

स्वप्निल : मी अन् तुमी मिळून अंघोळ घातली त्याले. डोक्याच्या मांगं कुऱ्हाडीचा घाव होता. विहिरीच्या दगडानं तसा घाव होते का? गावच्या वावराच्या धुऱ्यावरून बाजूच्या वावरातले लोकं त्याले महिनाभर धमक्या देऊन राहिले होते. त्यायनं नांगराचे दोन तास आपल्या वावरात घातले, यानं धुरा पुन्हा मांगं सारला, एवढंच झालं. आख्ख्या गावाले मालूम होतं.

मोतीराम : गाव काय बोललं ते तू बी आयकलं. फाट्यावर तंटामुक्तीची पाटी नवीनच लागली होती. जे कधी आपल्या पुऱ्यात पाय ठेवत नव्हते ते मोठेमोठे लोकं आपल्या गावच्या घराच्या ओट्यावर येऊन बसले. मले म्हणे, मास्तर, तुमचं दुःख हाय, पण गावाच्या नावाले बट्टा लागन. राहिलेल्या पोराचं पाहा म्हणे.

सुंदराबाई : तुमी पाह्यलं. राहिलेल्याचं पाह्यलं.

मोतीराम : मंग काय करत होतो? याचा व्हिसा होऊन हातात होता. केस झाली असती त हा तारखायले फिरत राहिला असता, नाई त एक दिवस यालेबी कोणी विहिरीत लोटलं असतं. दोन होते, एक उरला. त्याले दूर पाठोलं. बापानं दुसरं काय करावं?

स्वप्निल : मी तुमाले दोष देऊन नाई राहिलो. मी बी गुमान बॅग भरली. पण मले तिकडं तुमीच पाठोलं बाबा, जीव वाचावा म्हणून. आता जीव वाचावा म्हणूनच म्हणता वापस ये.

मोतीराम : तेव्हा ते खरं होतं. आता हे खरं हाय. आकडे काही खोटे नाई बोलत.

स्वप्निल : आकडे नाई बोलत खोटे. पण मास्तर, पोट्ट्यायची हजेरीच नाई लावली त वर्ग लहानच दिसते ना. आपल्या प्रीतमसारखे किती असतीन? आपल्याले तरी काय मालूम?

मोतीराम : म्हणजे तिकडं चांगलं हाय?

स्वप्निल : कोण म्हणते चांगलं हाय? शाळेत बंदूकवाला घुसला त कसं करा लागते म्हणून तुमच्या नातीले चूप बसायचा खेळ शिकवतात. लाइट बंद करतात अन् समदे लेकरं कोपऱ्यात दाटीनं बसतात. ते इतकी चूप बसली, इतकी चूप बसली का बाईनं तिच्या हातावर चांदणी चिटकवली. घरी येऊन मले दाखवून राहिली. मी शाबास म्हणलं.

सुंदराबाई : माय वं. पाच वर्षाचं लेकरू.

मोतीराम : अन् मी जाऊन प्रीतमले खुनात लावलं त? उद्या ठाण्यात उभा राहतो. काही बी होऊ दे. मंग येशीन तू?

स्वप्निल : साक्ष कोण देईन?

मोतीराम : तू दे. मी देतो.

स्वप्निल : आपण मारताना नाई पाह्यलं. घाव पाह्यला. तो घाव आपणच जाळला.

सुंदराबाई : विहीर बी राहिली नाई आता. त्यायनं बुजवून टाकली. वावर आपण त्यायलेच इकलं ना. दुसरं कोण घेत होतं?

मोतीराम : काही तरी असन. काही तरी मार्ग असन.

स्वप्निल : नाई बाबा. तुमाले बी मालूम हाय, नाई.

मोतीराम : मंग मले एवढंच सांग. दोन्हीकडं सारखंच मरण असन त तू काहून जातं? इथं तुही माय हाय, मी हावो. तिथं कोण हाय?

स्वप्निल : सांगतो. राग नका मानू. तिथं मी मेलो त मोजतीन मले. कोणं मारलं, कायनं मारलं, ते लेहतीन. नीलमच्या ओट्यावर येऊन कोणी म्हणणार नाई का तुह्या नवऱ्याचा पाय घसरला. एवढंच हाय. याच्याहून जास्त मले कुठंच काही दिसत नाई.

सुंदराबाई : असं अभद्र नको बोलू रे.

मोतीराम : विमान किती वाजताचं हाय?

स्वप्निल : रातचं. पण नागपूरले सांजलोक पोचा लागते.

मोतीराम : मंग दुपारीच निंगा लागन. शेखरले गाडी सांगून ठेवतो.

सुंदराबाई : आत्ता त म्हणत होते, या खेपेले जाऊच देत नाई म्हणून.

मोतीराम : म्हणत होतो. आता माह्याजवळ म्हणायले काही राहिलं नाई.