टेकडीवरच्या हलम्याबाबत मोठ्या आईचा जबाब

नाव : मोठी आई. (ओळखपत्रावरचं नाव हवालदारांनी वेगळं उतरवून घेतलं आहे, त्या नावाने हाक मारली तर मी वळूनसुद्धा बघणार नाही.) वय : सत्तरीच्या पुढे. धंदा : मजुरी, आता शेळ्या आणि नातवंडं. राहणार : टेकडीखालचं शेवटचं घर.

मी समक्ष हजर राहून सांगते, की मला कोणी बोलावलेलं नाही. माझ्या जावयाला आत बसवलंय आणि केलंय सगळं मी, म्हणून आपण होऊन आले.

आम्हा भिल्लांत हलमा असतो. एकट्याला झेपेना असं काम निघालं की त्याने हाक द्यायची, बाकीच्यांनी आपली शिदोरी, आपली कुदळ घेऊन जायचं. यंदा टेकडीलाच झेपेना. झाडं गेली, पाणी वरून सरळ घरंगळतं, खालचा झरा आटला. टेकडीला तोंड नाही, म्हणून पाणी अडवायला उतारावर चर खणायची हाक मी दिली.

फोन जावयाचा. तो फोनवर ओरडतोच. माणूस लांब आहे तर आवाजही लांब जायला हवा, असं त्याचं म्हणणं. बसथांब्यावर उभा राहून ओरडला, "उद्या सकाळी टेकडीवर हलमा! कुदळी, फावडी, असेल ते घेऊन या!" शेजारी खडीच्या यंत्राचा राखणदार उभा होता. यंत्र टेकडीच्या पलीकडच्या अंगाला आहे. त्याने ऐकलं 'हल्ला', आणि ठाण्यात कळवलं. त्याचा तरी काय दोष?

सकाळी माणसंच माणसं! साहेब, मला इतका आनंद झाला, की कोणाला काय सांगू तेच सुचेना. धाकट्या दिराने कुंपणाच्या भांडणावरून बोलणं टाकलं होतं, तोही आला. म्हणाला, "वहिनी, कुठे खणू?" मी म्हटलं, "डोळे आहेत ना? उतार बघ आणि खण." त्याने लगेच कुदळ मारली. माझ्या डोळ्यांत माती गेली होती.

मग पोलिसांची गाडी आली. साहेबांनी विचारलं, "म्होरक्या कोण?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "पैसे कोण देतं?" कोणी नाही. "मग एवढी माणसं येतात कशी?" मी म्हटलं, "चालत." हवालदार हसले. साहेब त्यांना म्हणाले, हे लिहू नका. मी म्हटलं, लिहा.

फोन जावयाचा म्हणून जावयाला नेलं, कुदळी जमा केल्या. आपल्या कुदळीमागे जो तो ठाण्यापर्यंत आला.

मी साक्षीदार, आरोपी की फिर्यादी, हे मला कळत नाही. साहेबांनाही कळत नसावं. कागदाच्या माथ्यावरचा तो शब्द दोनदा खोडला आहे. माझं म्हणणं एवढंच, की चर अर्धे राहिलेत आणि आभाळ भरलंय. पाणी फुटलं तर उकरलेली सगळी माती आमच्या घरांत येईल. जावई द्या, कुदळी द्या. चौकशी मागाहून करा, मी कुठे पळतेय? गुडघे बघा माझे.

साहेब म्हणाले, सोडतो, पण कोणीतरी जामीन राहायला हवं. मी दारातून विचारलं. अंगणात बसलेले सगळे उभे राहिले. साहेब म्हणाले, एकच पुरे, बाकीचे बसा. कोणी बसेना.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे. खाली सही माझीच, दुसरीपर्यंत शिकले आहे. जामीनदाराच्या नावाची जागा कोरी ठेवली आहे; साहेब अजून दारात उभे राहून कोणाचं लिहायचं ते विचारत आहेत.